घरात डायबेटीस आहे, मग मलाही होणार का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात ‘घरात कोणाला शुगर आहे का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘हो, आईला’ एवढं सांगून मोकळे होतात आणि डॉक्टरही कागदावर खूण करून पुढे जातात. त्या एका खुणेमागे जनुकं, आईच्या पोटातले नऊ महिने आणि घरचं ताट अशा तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. खालची उत्तरं टाइप २ डायबेटीसबद्दल, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या, सर्रास आढळणाऱ्या प्रकाराबद्दल आहेत. दुसरा प्रकार जिथे येतो तिथे तसं म्हटलं आहे.

आईला डायबेटीस आहे. मला होणारच का?

होणारच असं नाही. धोका मात्र नक्की वाढतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासात आईवडिलांपैकी एकाला डायबेटीस असेल तर मुलांचा धोका साधारण साडेतीन पट आणि दोघांनाही असेल तर सहा पट दिसला. पाठ्यपुस्तकांत हेच वेगळ्या शब्दांत सापडतं: एकाला असेल तर आयुष्यभरात सुमारे ४० टक्के शक्यता, दोघांना असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास.

पण हे आकडे गोऱ्या लोकांवरच्या अभ्यासांतून आलेले आहेत आणि आपल्याला ते तोकडे पडतात. भारतातल्या महानगरांसाठी २०२० साली एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार आज वीस वर्षांच्या असलेल्या पुरुषाला उरलेल्या आयुष्यात डायबेटीस होण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के आहे, बाईला सुमारे ६५ टक्के. यात घराण्याचा विचारही केलेला नाही, हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे. म्हणजे मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला ‘आमच्यात कोणाला नाही’ म्हणून निश्चिंत राहण्याची सोय नाही, आणि ज्याच्या घरात आहे त्याला वेगळं काहीतरी भयंकर वाट्याला आलंय असंही नाही. त्याची पाळी बहुधा थोडी लवकर येते, इतकंच.

आईकडून जास्त येतो की वडिलांकडून?

जनुकं दोघांकडून निम्मी निम्मी येतात आणि फ्रेमिंगहॅममध्ये दोन्ही बाजूंचा धोका जवळपास सारखाच निघाला. आईच्या बाजूने एक जादा वाट असते ती म्हणजे गर्भारपण. पोटात बाळ असताना आईची साखर वाढलेली असेल, तर जनुकांच्या पलीकडे जाऊन बाळावर परिणाम होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

एक दुर्मीळ प्रकार खरोखरच फक्त आईकडून येतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या भागातला एक बदल डायबेटीस आणि बहिरेपणा दोन्ही घडवतो, आणि मायटोकॉन्ड्रिया मुलांना आईकडूनच मिळतात. आजी, आई, मामा, मावशी यांच्यात साखर आणि ऐकू कमी येणं दोन्ही एकत्र दिसत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हातारपणी येणारा साधा बहिरेपणा यात धरायचा नाही.

आमच्या सात पिढ्यांत कोणाला नव्हता. मग मला कसा झाला?

सात पिढ्यांत कोणी तपासलं होतं का, हा खरा प्रश्न. आजोबांच्या काळी गावात रक्त तपासणं सोपं नव्हतं. पायाची जखम बरी झाली नाही, नजर गेली, झोपेत हृदय बंद पडलं, असं सांगितलं जातं. त्यातल्या काहींना डायबेटीस असू शकतो. शिवाय पन्नाशीत माणूस जात असेल, तर साठीत होणारा आजार घराण्यात दिसणार कसा?

दुसरी शक्यता अशी की कल घराण्यात होता, पण तो बाहेर यायला लागणारी परिस्थिती नव्हती. पिमा या आदिवासी समाजाचं उदाहरण याबाबत फार बोलकं आहे. त्यांचा एक गट अमेरिकेत ॲरिझोनात राहतो, दुसरा सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. मूळ एकच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातल्या पिमांमध्ये डायबेटीसचं प्रमाण ३८ टक्के होतं, मेक्सिकोतल्या पिमांमध्ये ७ टक्क्यांहूनही कमी. मेक्सिकोतले शेतात राबत होते आणि त्यांचं खाणं जुन्याच पद्धतीचं होतं.

आपल्याकडेही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत (निष्कर्ष २०२३ साली आले) देशाची सरासरी ११.४ टक्के आली, गोव्याची २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वांत जास्त, आणि उत्तर प्रदेशाची ४.८ टक्के. एवढी मोठी दरी एकट्या जनुकांनी समजावता येणार नाही.

‘डायबेटीसचं जनुक’ असं एकच काही असतं का?

नाही. लाखो लोकांचे डीएनए एकत्र तपासणाऱ्या २०२४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात टाइप २ डायबेटीसशी जोडलेल्या ६११ जागा आपल्या जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यांत सर्वांत ठळक ठरलेलं जनुक म्हणजे टीसीएफ७एल२. आइसलँडच्या संशोधकांनी ते २००६ साली शोधलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यातल्या रुग्णांमध्येही त्याचा संबंध दिसून आला. त्याच्या धोकादायक रूपाची एक प्रत असेल तर धोका साधारण दीडपटीच्या आत राहतो, दोन्ही प्रती असतील तर दुपटीच्या थोडा वर जातो. सर्वांत ठळक जनुकाची ताकद ही एवढीच!

हे जनुक स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या कामात अडथळा आणतं. सापडलेल्या जागांपैकी बऱ्याच याच पेशींशी जोडलेल्या आहेत. काही जागा चरबी शरीरात कुठे साठावी याच्याशी संबंधित आहेत, काही भुकेशी. म्हणून एकाच घरातल्या दोन भावांचा डायबेटीसही वेगवेगळा वागतो. एकाची साखर औषधाच्या एका गोळीवर दहा वर्षं राहते, दुसऱ्याला लवकर इन्सुलिन लागतं.

एकरूप जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. त्यांच्यापैकी एकाला टाइप २ झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्के सांगितलं जातं, मात्र ते अभ्यासागणिक बरंच बदलतं. शंभर टक्के ते कुठेच नाही.

मी तर सडपातळ आहे. माझं वजन वाढलेलंच नाही. मला कशाला भीती?

हा प्रश्न मराठी माणसाने पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना विचारायला हवा. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघेही सडपातळ, आतून मात्र दुपटीहून जास्त फरक.

हे कधीपासून सुरू होतं, हे शोधायला याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हातापायांनी बारीक, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ‘हडकुळं पण चरबीयुक्त बाळ’ ही कल्पना जगभर गेली ती इथून. म्हणजे ‘माझं पोट फक्त थोडं सुटलंय, बाकी मी बारीकच आहे’ हे आपण ज्या हसतमुखाने सांगतो, ती खरं तर तक्रार म्हणून सांगायची गोष्ट आहे. चरबी पोटात, यकृताभोवती साठते आणि इन्सुलिनचं काम बिघडवते. हातापायांत साखर वापरून टाकणारे स्नायूही कमी असतात.

म्हणूनच आपल्यासाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ बीएमआयवर ओढतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. तिथल्या नेहमीच्या तक्त्यात तुम्ही ‘नॉर्मल’ दिसाल. मूळ दक्षिण आशियाई आहे आणि घरात डायबेटीस आहे, हे स्वतःहून सांगा.

आईच्या पोटात असतानाच ठरतं, हे खरं का?

ठरतं म्हणणं जरा जास्त होईल. वळण मात्र तिथे पडतं. १९६२ साली अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी मांडलं होतं की दुष्काळात तग धरू देणारी ‘काटकसरी’ जनुकं सुबत्तेत घातक ठरत असावीत. तीस वर्षांनी ब्रिटनमधले संशोधक हेल्स आणि बार्कर यांनी दुसरी बाजू पुढे आणली: जनुकं नव्हे, पोटात असताना झालेली उपासमार शरीराला काटकसर शिकवते. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पोटात असलेल्या बाळांमध्ये मोठेपणी साखर पचवण्याची ताकद कमी दिसली.

दुसऱ्या टोकाला गर्भारपणातला डायबेटीस आहे. त्यात बाळाला साखर जास्त मिळते आणि त्या बाळालाही पुढे स्थूलपणा व डायबेटीसचा धोका वाढतो. त्या आईचा स्वतःचा टाइप २चा धोका इतर बायकांच्या साताठ पट असतो. बाळंतपणानंतर साखर उतरली की सगळे विसरून जातात. बारशाच्या गडबडीत सहा आठवड्यांनंतरची ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी राहून जाते आणि ती बाई थेट दहा वर्षांनी डायबेटीस घेऊन येते. मला विचाराल तर या संपूर्ण विषयात आपण सर्वांत जास्त हातातून घालवलेली संधी हीच आहे.

पुण्याच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट शाकाहारी घरांनी वाचावी. तिथल्या बहुतेक गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिड) भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त दिसला. याचा अर्थ फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करायच्या असा मुळीच नाही, त्या बाळाच्या मणक्यासाठी लागतात. बी-१२ची तपासणी मागून घ्यायची, इतकाच.

मी जनुकीय चाचणी करून घेऊ का? ऑनलाइन किट मिळतं.

साध्या टाइप २साठी पैसे वाचवा. अशा चाचण्या शेकडो जागांचे गुण जमवून एक आकडा देतात. त्यामागची माहिती बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, त्यामुळे भारतीयांच्या बाबतीत अंदाज तितका नेमका बसत नाही. आणि आकडा जास्त आला तरी डॉक्टर तेच सांगणार: चाला, कंबर कमी करा, दरवर्षी साखर तपासा. आई, वडील, भावंडं यांची नीट माहिती तुम्हाला फुकटात जवळपास तेवढंच सांगते.

अपवाद एक, आणि तो महत्त्वाचा आहे.

आजोबा, बाबा आणि मी, तिघांनाही पंचविशीच्या आत झाला. हेही टाइप २च का?

कदाचित नाही. हा मोडी नावाचा वेगळा प्रकार असू शकतो (लिपीशी संबंध नाही). यात शेकडो नव्हे तर एकच जनुक बिघडलेलं असतं आणि मुलांत उतरण्याची शक्यता प्रत्येक वेळी सरळ ५० टक्के. सलग पिढ्या, कोवळं वय, बारीक बांधा आणि टाइप १ची (प्रतिकारशक्तीच इन्सुलिनच्या पेशी मारते त्या प्रकाराची) प्रतिपिंडं रक्तात नाहीत, असं चित्र असेल तर संशय घ्यावा. असे कित्येक जण वर्षानुवर्षं टाइप १ किंवा टाइप २ म्हणून औषध घेत राहतात.

इथे चाचणी करण्याचा फायदा रोकडा आहे. एचएनएफ१ए जनुकाचा मोडी असेल तर सल्फोनिलयुरिया गटातली स्वस्त गोळी फार छान काम करते. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्या काहींना ती गोळी पुरते. ग्लुकोकायनेज जनुकाचा असेल तर उपाशीपोटीची साखर जन्मभर थोडी वर राहते, पण वाढत जात नाही आणि बहुतेकांना औषधच लागत नाही. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करण्याचं धाडस मात्र कोणी करू नये. टाइप १ असेल तर ते जिवावर बेतेल. आधी चाचणी, मग बदल.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायबेटीस निघाला तर जनुकीय चाचणी करायलाच हवी.

भावाला टाइप १ आहे. त्याचा आणि माझ्या टाइप २चा संबंध?

फारसा नाही. टाइप १मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते आणि त्यामागची जनुकं मुख्यतः वेगळी असतात. टाइप १ घराण्यात उतरण्याचं प्रमाणही टाइप २पेक्षा खूप कमी आहे.

तपासणी कधीपासून आणि कोणती?

भारतात सरकारी कार्यक्रमात तिसाव्या वर्षापासून सगळ्यांची तपासणी होते. घरात असेल आणि कंबर वाढलेली असेल तर तिशीची वाट बघू नका. उपाशीपोटी १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा वर, एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) ६.५ टक्के किंवा वर, हे डायबेटीसचे आकडे. काहीही त्रास नसेल तर एकाच तपासणीवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा बघतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांत एचबीए१सी फसवू शकतं, रक्त कमी असलेल्या बायकांतही. तिथे ग्लुकोज पिऊनची चाचणी बरी.

त्याआधी घरबसल्या करता येणारा एक हिशोब आहे, चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या गटाने २००५ साली भारतीयांसाठी तयार केलेला. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५०च्या पुढे ३०. कंबर बायकांची ८० ते ८९ सेंटिमीटर, पुरुषांची ९० ते ९९ असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. व्यायाम किंवा कष्टाचं काम यांपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसतील तर ३०. आईवडिलांपैकी एकाला डायबेटीस असेल तर १०, दोघांना असेल तर २०. एकूण ६० किंवा वर गेलात तर धोका जास्त.

समजा एक बाई ३६ वर्षांची आहे, आईला डायबेटीस, कंबर ८४, बँकेत बैठं काम, व्यायाम नाही. २०, १०, १० आणि ३० मिळून ७०. रोज नियमित चालायला लागली तर ६०. कंबर ८०च्या आत आणली तर ५०, म्हणजे धोकारेषेच्या खाली. आईचे १० गुण जागच्या जागी आहेत! शंभरातले २० घराण्याचे, तर कंबर आणि हालचाल यांचे मिळून ५०.

माहिती गोळा करायची तर नातेवाईक सांगत नाहीत. काय करू?

‘तुम्हाला डायबेटीस आहे का?’ असं विचारू नका, लोक लपवतात, विशेषतः घरात मुलीचं लग्न ठरायचं असेल तेव्हा. ‘साखरेची गोळी कधी सुरू झाली?’, ‘पायाची जखम चिघळली होती का?’, ‘बाळंतपणात साखर वाढली होती का?’ असं विचारा. आत्याबाई आणि थोरल्या मावशीला सगळ्यांचं ठाऊक असतं. आईवडील, भावंडं, मुलं यांची माहिती सर्वांत मोलाची. त्यानंतर आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी. प्रत्येकाचं सुरू झाल्याचं वय लिहा. पंच्याहत्तरीत झालेला आणि पस्तिशीत झालेला डायबेटीस यांचं वजन सारखं नाही.

लग्न जमवताना दोन्हीकडे डायबेटीस असेल तर नकार द्यावा का?

त्या न्यायाने शहरांत लग्नंच होणार नाहीत. मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्नाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे एकाच बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती मुलात एकत्र येण्याचे आजार, थॅलेसेमिया, सिकलसेल यांसारखे, आधी बघावेत.

एवढं सगळं जनुकात असेल तर व्यायामाचा काय उपयोग?

उपयोग मोजून झालेला आहे. अमेरिकेत उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात (२००२) आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात डायबेटीस होणं ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. पुढे याच लोकांचं टीसीएफ७एल२ तपासलं. धोकादायक रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्यांना डायबेटीस लवकर होत होता, पण जीवनशैली बदललेल्या गटात तो फरक जवळजवळ पुसला गेला होता.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच प्रयोग केला (२००६). इथे घट २८.५ टक्के आली, अमेरिकेच्या निम्मी. निराश होऊ नका, कारण त्यात एक गंमत आहे: या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. आपल्याकडच्या बारीक माणसाने हे ध्यानात ठेवावं. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नये. स्नायू वाढवणारा व्यायामही हवा, नुसतं चालून भागत नाही.

नवऱ्याला आहे. आमचं रक्ताचं नातं नाही, मग मला काळजी नको ना?

जोडीदाराला डायबेटीस असेल तर आपलाही धोका सुमारे पाव पटीने वाढतो, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे. कारण उघड आहे: एकच स्वयंपाकघर, एकच सोफा, रात्री साडेदहाचं एकच जेवण. सासूबाईंचा डायबेटीस तुमच्या रक्तात येत नाही, पण तुमच्या मुलांच्या यादीत त्या आजी म्हणून येतातच. त्यांच्या साखरेचा आकडा आणि ती सुरू झाल्याचं वय मुलांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.